स्थावर, जंगम आणि खाण

मराठी दस्तऐवजांत मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग पाडण्याची पद्धत आहे. जमीन, घर, विहीर हे जागचे हलत नाही म्हणून स्थावर, आणि गुरे, दागिने, रोकड हे उचलून नेता येते म्हणून जंगम. देवाच्या बाबतीतही परंपरेने असाच भेद केला आहे. गाभाऱ्यात कायमची बसवलेली मूर्ती अचल, तर उत्सवात पालखीतून फिरणारी चल. तुळजापूरच्या भवानीची मुख्य मूर्तीच चल मानली जाते आणि निद्रेसाठी पलंगावर नेऊन निजवली जाते, उलट एखादा स्वयंभू तांदळा जिथे प्रकटला तिथेच पुजावा लागतो, मग ती जागा कितीही अडचणीची असो. कायद्याची ही वाटणी आणि धर्माची ती वाटणी एरवी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. त्या आडव्या आल्या की मात्र एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: पावित्र्य जागेत असते, की माणसे ते आपल्याबरोबर घेऊन फिरतात आणि मुक्काम पडेल तिथे मांडतात?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील खाणगावांच्या वाटेवर हा प्रश्न टाळता येत नाही. किनाऱ्यापासून दूर, विरळ वस्तीच्या आणि बहुतांशी कोरड्या अशा या अफाट प्रदेशाला तेथे 'आउटबॅक' म्हणतात. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकावरील ब्रोकन हिलपासून पोर्ट ऑगस्टा, तेथून स्टुअर्ट महामार्गाने उत्तरेकडे कूबर पेडी, ॲलिस स्प्रिंग्ज आणि टेनंट क्रीक असा हा रस्ता दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरतो. गावे इतकी दूर दूर आहेत की प्रवासी पुढच्या पेट्रोल पंपाचे अंतर आधी पाहतो आणि गावाचे नाव नंतर. या वाटेवरील अनेक वस्त्यांचे अस्तित्वच खाणीमुळे आहे, आणि खाण हा मुळात स्थावराचे जंगम करण्याचा उद्योग आहे. जे हलत नव्हते ते फोडायचे, दळायचे, गाडीत भरायचे आणि बंदराकडे पाठवायचे. ज्यांच्या धंद्याचे तत्त्वच असे, त्यांचा देव कोणत्या वर्गात मोडतो आणि ज्यांच्या जमिनीवर हा धंदा चालतो त्यांचा कोणत्या, हे या लेखात पाहायचे आहे.

ब्रोकन हिलचा शोध १८८३ मध्ये चार्ल्स रास्प याने लावला. तो एका मेंढपाळी जहागिरीच्या कुंपणावर घोड्यावरून देखरेख करणारा नोकर होता, आणि हाती लागलेला दगड कथिलाचा असावा असे त्याला वाटले होते. निघाले शिसे, जस्त आणि चांदी, आणि तेही जगातील सर्वांत श्रीमंत साठ्यांपैकी एकाचे. १८८५ मध्ये येथे स्थापन झालेली कंपनी पुढे बीएचपी या नावाने जगभर पसरली. गावातील रस्त्यांची नावे अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड अशी आहेत. इतरत्र नवी वसाहत करणारे लोक संतांची, राजांची किंवा मागे सोडून आलेल्या गावांची नावे रस्त्यांना देतात. येथे जमिनीला तिच्यातून जे न्यायचे आहे त्याचेच नाव मिळाले, आणि यापेक्षा प्रामाणिक नामकरण शोधून सापडणार नाही. जवळचेच सिल्व्हरटन त्याहून आधी भरभराटलेले होते. १८८० च्या दशकाच्या मध्यास तेथे सुमारे तीन हजारांची वस्ती होती, परंतु पंचवीस किलोमीटरांवर मोठा साठा सापडल्यावर माणसे निघाली आणि निघताना घरेही सोडवून, गाड्यांवर लादून घेऊन गेली. आज तेथे शंभराच्या आतच माणसे राहतात. घर हे कायद्याच्या मराठी भाषेत स्थावर, पण लाकडी सांगाडा आणि पन्हळी पत्रे एवढेच त्याचे भांडवल असेल तर तेही जंगम ठरते.

अशा गावात उपासनाही पत्र्याचीच असणार. ब्रोकन हिलच्या उत्तर भागात, उंटांच्या तळाच्या जागेवर, १८८७ च्या सुमारास उभी राहिलेली पन्हळी पत्र्याची मशीद अजून आहे आणि आता ती संग्रहालय म्हणून जपली जाते. रेल्वे पोहोचली नव्हती तेव्हा या प्रदेशातील पाणी, धान्य, यंत्रांचे सुटे भाग आणि लोकर यांची वाहतूक उंटांवरून होत असे, आणि ते हाकणाऱ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई, जरी त्यांतील पुष्कळजण ब्रिटिश हिंदुस्थानच्या बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि पेशावर या भागांतून आलेले होते. आतून ती मशीद म्हणजे एक साधी खोली आहे आणि तिला मशिदीपण येते ते दिशेमुळे. नमाजाची दिशा, जिला किब्ला म्हणतात, ती मक्केकडे असते. जागा स्वच्छ असली आणि दिशा ठरली की वाळवंटातील कोणताही तुकडा प्रार्थनेला चालतो. म्हणजे उंटवाल्याचा धर्म जंगम होता, परंतु हजारो कोसांवरील एका स्थावराला दोरीने बांधलेला जंगम. ही दोरी लक्षात ठेवली पाहिजे, कारण स्थलांतरित धर्म निव्वळ जंगम कधीच नसतात. त्यांचे स्थावर दुसरीकडे असते इतकेच.

मात्र ब्रोकन हिलनेही स्वतःचे एक स्थावर घडवले आहे. गावाच्या मध्यातून धातूच्या शिरेची जी रेघ जाते तिच्यावर शंभर वर्षांत खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर साठला आहे, आणि त्या डोंगराच्या माथ्यावर, गंजलेल्या रंगाच्या पोलादी पत्र्यांत, खाणीत मेलेल्या कामगारांचे स्मारक आहे. आठशेहून अधिक नावे तेथे आहेत आणि नावापुढे मृत्यूचे कारण आहे: दगड कोसळून, विहिरीसारख्या उभ्या बोगद्यात पडून, स्फोटात. वाचणारा वर्षामागून वर्ष पुढे सरकत जातो तसे आडनावे बदलतात, पण कारणे फारशी बदलत नाहीत. जे विकण्याजोगे होते ते सारे गावातून गेले. जे विकता आले नाही ते टाकाऊ आणि जे परत आणता आले नाहीत ते मृत, यांच्यावर गावाचे एकमेव तीर्थ उभे आहे. त्याला तीर्थ म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, तरी तेथे येणारी माणसे आवाज खाली आणतात हे खरे आहे. माणूस एका जागी पुरेसा काळ मरत राहिला की ती जागा त्याला धरून ठेवते, हा अनुभव या फिरत्या समाजालाही चुकलेला नाही.

कूबर पेडी येथे प्रश्न अधिक अवघड होतो. ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे साडेआठशे किलोमीटरांवरील या गावात १९१५ च्या फेब्रुवारीत विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ओपल हे रत्न सापडले. गावाचे नाव स्थानिक आदिवासी भाषेतील 'कुपा-पिटी' या शब्दांवरून पडले, ज्याचा रूढ अर्थ 'गोऱ्या माणसाचे बीळ' असा सांगितला जातो, आणि तो अन्वर्थक आहे. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो म्हणून वस्तीतील बरीच माणसे टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहतात, जिथे वर्षभर साधारण तेवीस-चोवीस अंशांचाच गारवा असतो. गावाबाहेर मैलोन् मैल फिकट मातीचे शंकूसारखे ढीग दिसतात, कारण खाणीतला चुरा मोठ्या नळीने शोषून बाहेर फेकणारी यंत्रे तो जिथल्या तिथे ओततात. उघड्या भोकांबद्दल सावध करणाऱ्या पाट्या जागोजाग आहेत. मागे पाऊल टाकू नका, असे सांगणारी पाटी छायाचित्र काढणाऱ्यांसाठी आहे.

याच खडकात चर्चही कोरलेली आहेत. संत पीटर आणि पॉल यांचे कॅथलिक चर्च १९६७ मधील, आणि संत एलिया यांचे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च १९९३ मधील. सर्बियन चर्चच्या छताकडे पाहिले की त्यावर एकाशेजारी एक अशा वर्तुळाकार खाचा दिसतात. त्या शोभेसाठी काढलेल्या नसून बोगदा खणणाऱ्या यंत्राच्या दातांच्या आहेत, आणि त्याच मऊ वालुकाश्मात संतांच्या आकृती थेट भिंतीतून उठवल्या आहेत. ओपल शोधणाऱ्यांच्याच हत्याराने गाभारा झाला. येथे जमीन मुळात पवित्र नव्हती, निदान खणणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हती. ती खणल्यानंतर, अभिषेकाच्या विधीने, पवित्र झाली. ख्रिस्ती परंपरेत असा विधी असतो तसाच तो मागे घेण्याचाही विधी असतो, आणि तो झाल्यावर चर्चची इमारत निर्धोकपणे विकता येते, हे मराठी वाचकाला प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन या जोडीवरून सहज कळेल. ज्या धर्मात पावित्र्य दिले जाते त्यात ते परतही घेता येते; आणि हे दुबळेपणाचे नव्हे तर सोयीचे लक्षण आहे, कारण त्यामुळेच तो धर्म बाल्कनमधून निघून वाळवंटातील बिळात रुजू शकला.

या वाटेवरचा दुसरा धर्म या रीतीने चालत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या विश्वदृष्टीला इंग्रजीतून 'ड्रीमिंग' हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रान्सिस गिलन यांनी अरंटा लोकांच्या एका शब्दाचा केलेला तो अनुवाद आहे आणि त्याने बरेच नुकसान केले आहे. स्वप्न म्हटले की जागेपणी नाहीसे होणारे काही असा अर्थ निघतो, आणि स्वप्नकाळ म्हटले की कधीतरी होऊन गेलेला पुराणकाळ डोळ्यांपुढे येतो. पश्चिमेकडील वाळवंटी भाषांतील 'जुकुर्पा' हा शब्द मात्र सृष्टी घडवणारे पूर्वज, त्यांनी चालत आखलेल्या वाटा, त्या वाटांवरील खडक आणि झरे, आणि त्यांच्याविषयीचा कायदा, हे सगळे एकदमच सांगतो. पूर्वज चालत आला, येथे लढला, येथे बसला, आणि बसला तो खडक झाला. तो खडक पूर्वजाचे प्रतीक नसून पूर्वजच आहे, आणि त्याची काळजी घेणे हे विशिष्ट कुळांचे वारशाने आलेले काम आहे.

धर्माभ्यासाच्या इतिहासात याच लोकांच्या एका कथेवरून मोठा वाद झाला. अरंटांच्या एका पूर्वजगटाजवळ एक पवित्र खांब होता, तो मोडल्यावर ते थकून आडवे झाले आणि मेले, अशी ती कथा स्पेन्सर आणि गिलन यांनी नोंदवली होती. मिर्चा एलियादे यांनी तिचा अर्थ असा लावला की खांब म्हणजे जगाचा मध्यबिंदू, आकाशाशी जोडणारा दुवा, आणि भटका समाज तो बरोबर घेऊन फिरतो. मध्य मोडला म्हणून जग संपले. जोनाथन स्मिथ यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात हा अर्थ फेटाळला. त्यांच्या मते कथा ज्या मालिकेत येते ती पाहिली तर खांबाला असे महत्त्व कुठेच नाही. महत्त्व आहे ते पूर्वज कोठे थांबले आणि तेथे काय उरले याला. एलियादे यांचे वाचन आकर्षक आहे, आणि बहुधा म्हणूनच ते इतके दिवस टिकले, परंतु त्यात युरोपीय चर्चचा उचलून नेता येणारा वेदीचा दगड वाळवंटात आणून ठेवल्यासारखा दिसतो. स्मिथ यांचे म्हणणे येथे ग्राह्य धरले आहे.

न्यायालयांनाही हा भेद उशिरा कळला. उत्तरेकडील योल्ङू लोकांनी आपल्या भूमीवरील बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध दावा लावला, तेव्हा १९७१ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड ब्लॅकबर्न यांनी तो फेटाळला. पण फेटाळताना, पुराव्यावरून जमीन कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचे आहे असे म्हणणे अधिक सोपे जाते, अशा आशयाचे निरीक्षण त्यांनी नोंदवले. तत्त्वज्ञान म्हणून हे वाक्य अचूक होते आणि निकाल म्हणून घातक, कारण ज्याची मालकी जमिनीवर नसून जमिनीची ज्याच्यावर मालकी आहे, त्याला मालमत्तेच्या कायद्यात जागाच नव्हती. पुढे १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी भूमिहक्काचा कायदा झाला आणि १९९२ मधील माबो निकालाने, ऑस्ट्रेलिया ही वसाहतीपूर्वी कोणाचीच नसलेली भूमी होती, ही कल्पना मोडली.

टेनंट क्रीकच्या उत्तरेला मँगनीजची खाण आहे. पोलाद कणखर करण्यासाठी लागणारा हा धातू येथून डार्विन बंदराकडे जात असे. या खाणीच्या शेजारी 'बसलेल्या दोन स्त्रिया' या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे कुनापा लोकांचे पवित्र स्थळ आहे. बँडिकूट आणि उंदरासारखा दुसरा एक शिशुधानी प्राणी, या रूपांतील पूर्वज रानातल्या खाद्यावरून येथे भांडले, त्यांचे रक्त सांडले आणि त्याने खडक काळपट तांबडा झाला, अशी त्या जागेची कथा आहे. तो रंग मँगनीजचा आहे. भूशास्त्रज्ञ आणि कुनापा वृद्ध एकाच खडकाकडे बोट दाखवून एकाच डागाविषयी बोलतात. एकाला तेथे टक्केवारी दिसते, दुसऱ्याला जखम. २०११ मध्ये सुरुंगांमुळे या स्थळाचा काही भाग कोसळला, आणि २०१३ मध्ये कंपनीला विटंबना आणि नुकसान यांबद्दल दोषी ठरवून दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड करण्यात आला. पिलबारा प्रदेशातील जूकन घळीत २०२० च्या मे महिन्यात लोहखनिजासाठी जी शैलाश्रये उडवण्यात आली, त्यांत माणसाच्या वावराच्या खुणा ४६ हजार वर्षांपर्यंत मागे जात होत्या, आणि तेथे तर कायद्याची परवानगीही होती.

दंडाची आणि भरपाईची भाषा येथे अडखळते. २०१९ मध्ये टिंबर क्रीक येथील आदिवासींच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीशी असलेले आध्यात्मिक नाते तुटल्याबद्दल तेरा लाख डॉलरांची रक्कम कायम केली. न्यायालयापुढे दुसरा मार्ग नव्हता हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की रोकड हे जंगमांतले जंगम आहे, आणि ज्याचे सारे मोल न हलण्यात आहे त्याचा मोबदला हलणाऱ्या वस्तूत चुकवणे म्हणजे खाणीनेच सुरू केलेले रूपांतर न्यायालयाने पूर्ण करणे होय.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की या श्रद्धा खऱ्या कशावरून, जुन्या कशावरून. जावॉइन लोक बुला नावाचा पूर्वज भूमीखाली आहे आणि त्याला डिवचले तर रोगराई येईल असे मानतात. काकाडूजवळील कॉरोनेशन हिलवरील खाणीचा प्रस्ताव पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने जून १९९१ मध्ये याच कारणाने फेटाळला, तेव्हा ही श्रद्धा अलीकडेच फुगवली गेल्याचा आरोप झाला. पवित्र त्रिमूर्तीचे गूढ निमूट स्वीकारणाऱ्यांनी बुलाची थट्टा करावी हा ढोंगीपणा आहे, असे हॉक यांचे म्हणणे होते. शिवाय १९६७ मध्ये कोरलेल्या चर्चला कोणी जुनेपणाचा दाखला मागितला नाही. वयाचा पुरावा फक्त स्थावर देवांकडेच मागितला जातो, कारण अडथळा तेच करतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो घरचाच आहे. स्थावर श्रेष्ठ आणि जंगम कनिष्ठ असे कोणी ठरवले? लिंगायत परंपरेने देवळातल्या स्थावरापेक्षा फिरत्या जंगमाला, म्हणजे गावोगाव हिंडणाऱ्या गुरूला, वरचे स्थान दिले, आणि त्यामागे दगडाच्या पूजेत माणूस विसरला जातो ही रास्त तक्रार होती. आउटबॅकमध्येही असा एक जंगम होऊन गेला. जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने १९१२ मध्ये अंतर्भागासाठी एक सेवासंस्था उभारली. तिचे फिरते पाद्री सुरुवातीला उंटावरून हिंडत, आणि १९२८ मध्ये क्लॉनकरी येथून तिने सुरू केलेली विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा आज सर्व देशाला ठाऊक आहे. वीस डॉलरच्या नोटेवर फ्लिन यांचे चित्र आहे. ज्या माणसाने देवाला चारशे मैलांवरच्या आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत पोहोचवले, त्याच्या धर्माला दुय्यम म्हणण्याचे धाडस करू नये.

पण जंगम आणि स्थावर अशा या दोन्ही धर्मांची गाठ फ्लिन यांच्याच समाधीवर पडली. १९५१ मध्ये फ्लिन वारले आणि त्यांची रक्षा ॲलिस स्प्रिंग्जजवळ, माउंट गिलनच्या पायथ्याशी ठेवण्यात आली. समाधीवर ठेवायला कार्लू कार्लू येथून एक प्रचंड गोल शिळा ट्रकने आणली गेली. टेनंट क्रीकच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरांवर, महामार्गालगत, एकमेकींवर तोललेल्या अशा शिळांचा तो माळ आहे, आणि नकाशावर तो पुष्कळ काळ 'सैतानाच्या गोट्या' या इंग्रजी नावाने दाखवला जात असे. आणणाऱ्यांचा हेतू आदराचाच होता. वाळवंटाच्या सेवकाला वाळवंटाचाच दगड, एवढे साधे त्यांच्या मनात होते. तो दगड तेथील स्त्रियांच्या पवित्र परंपरेचा होता हे त्यांनी विचारले नाही, कारण दगड विचारून उचलायचा असतो हे त्यांच्या धर्मात नव्हते. वारुमुंगू आणि कायटेट्ये लोक तो परत मागत राहिले आणि फ्लिन यांच्या चर्चला, आपल्याच संतपुरुषाच्या छातीवरचा दगड काढायचा की नाही, यावर विचार करावा लागला.

१९९९ मध्ये ती शिळा कार्लू कार्लूला परत गेली. फ्लिन यांच्या समाधीवर आता दुसरी शिळा आहे; ती ॲलिस स्प्रिंग्जच्या अरंटा लोकांनी, आपल्या भूमीतून, स्वतः दिलेली आहे.